गुरुवारी घासलेलं तांबं

आई पुण्याला निघाली तेव्हा तिनं मला तीन गोष्टी बजावून सांगितल्या. सिलिंडरचा कॉक रोज बंद करायचा, अण्णांच्या हातात डबा दिल्याशिवाय शाळेत जायचं नाही, आणि देवघरातलं तांबं हिरवं पडू द्यायचं नाही. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, आखातातल्या आमच्या करामा वस्तीच्या धुळीनं दमा जडला होता. डॉक्टर म्हणाले हवा बदला, म्हणून आई त्याला घेऊन चार-सहा महिन्यांसाठी गेली. ते चार-सहा महिने पुढे पाच वर्षं पुरले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, शहाणी समजली जात होते, आणि शहाण्या मुलीला मागे ठेवायला हरकत नसते असं बहुधा सगळ्यांनाच वाटलं. मलासुद्धा तसंच वाटलं होतं. विमानतळावरून परत आल्यावर आईचा गाऊन मोरीच्या दाराला तसाच लटकलेला दिसला, तेव्हा मात्र माझा शहाणपणा तिथल्या तिथे आटोपला.

त्या घरात मग मी आणि अण्णा, दोघंच उरलो. दुसऱ्या मजल्यावर एक बेडरूम, एक हॉल, खिडकीतला एसी इतका घरघरायचा की बंद केला तर कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. खाली मलबारी कॅफेटेरिया, तिथून पहाटेपासून परोट्याचा आणि उकळत्या चहाचा वास वर यायचा. अण्णा मुळात कमी बोलणारे, आई गेल्यावर त्यांनी बोलणं खलासच केलं म्हणा ना. संध्याकाळी कामावरून येताना खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणायचे. मी पिठलं टाकायची, त्यात गुठळ्या व्हायच्या, ते काही न बोलता गुठळ्या बोटानं चिरडून खायचे. जेवून झालं की रिकाम्या ताटाच्या कडेवर नखानं ठोके द्यायचे, तीन ठोके आणि एक विसावा, तीन ठोके आणि एक विसावा. आई असताना ती ओरडायची, "अहो, ताट आहे ते, हंडा नाही." आता ओरडणारं कुणी नव्हतं आणि मला तर तो आवाज हवाच असायचा. घरात दुसरं माणूस आहे हे त्यावरून कळायचं.

ते ठोके आमच्या घराण्याचे. आम्ही जातीचे तांबट. आजोबांपर्यंत सगळे जण दिवसभर बसून तांब्याचे हंडे, घागरी, बंब ठोकून मठारायचे. अण्णांनी मात्र डिप्लोमा केला आणि समुद्र ओलांडून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका भंगारच्या यार्डात नोकरी धरली. तिथे येणारा धातू पारखायचं काम त्यांच्याकडे होतं. तुकडा उचलायचा, कानाशी धरून ठोकायचा आणि सांगायचं, हे शुद्ध, हे पितळ, यात शिसं आहे. मशीन नंतर आलं, आणि यार्डातले लोक मशीनचा आकडा अण्णांना विचारून खरा करायचे. आजोबांची हातोडी ते पेटीतून घेऊन आले होते खरे, पण करामाच्या फ्लॅटमध्ये ती नारळ फोडायच्या कामी यायची.

तांबं घासायचा आमचा वार गुरुवार, कारण तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची असायची आणि शुक्रवारी सकाळी आईला लख्ख देवघर लागायचं. शाळेतून आलं की चिंच भिजत घालायची. ती फुगली की त्यात जाडं मीठ, आणि काथ्यानं घासायला बसायचं. ताम्हण, पळी-पंचपात्री, तांब्या, आणि एक छोटं घंगाळ. चिंचोके आणि चोथा मोरीच्या जाळीत अडकायचे, बोटांच्या पेरांना आग व्हायची, आणि काळपट भांड्यातून एकदम गुलाबी रंग वर यायचा. आईचा फोन शुक्रवारी यायचा, बाळूचं खोकणं मागे ऐकू यायचं. तिचा पहिला प्रश्न असायचा, "तांबं?" मी म्हणायची, "लख्ख." मला रडू येतंय, शाळेत मला मैत्रीण नाही, तू कधी येणार, हे सगळं मी त्या एका 'लख्ख'मध्ये कोंबायची. तिला ते कळायचं की नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

अशातच हाजीसाहेब आमच्या घरात आले, म्हणजे आले नाहीत, अण्णांच्या तोंडी आले. त्यांचं खरं नाव सालेम. कलब्याच्या बाजूच्या डोंगरातले म्हातारे अरब, तरुणपणी गलबतांवर मुंबईला जाऊन-येऊन हिंदी शिकलेले. आपला जुना बंब विकायला ते पिकअप घेऊन यार्डात आले होते. मागची ताडपत्री उडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर एक दगड ठेवला होता. अण्णांनी बंबाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तो दगड उचलला, नखानं ठोकला आणि विचारलं, "यह कहाँ से लाए?" त्या दिवशी जेवताना अण्णा माझ्याशी सलग बोलले. हाजीसाहेबांच्या गावात डोंगर फोडून तांबं काढायचे, तिथेच भट्ट्या लावून वितळवायचे, तो दगड म्हणजे त्या भट्टीचं कीट होतं, धातू काढून उरलेला मळ, त्यात अजून तांब्याचे थेंब अडकलेले होते. "आपले आजे-पणजे म्हणायचे, तांबं पूर्वी समुद्रापलीकडून यायचं," अण्णा म्हणाले. "पलीकडे म्हणजे कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं." आणि मग माझ्याकडे बघून, "येतेस का शुक्रवारी?" आई गेल्यापासून मला कुणी कुठे येतेस का म्हणून विचारलं नव्हतं.

मग ते आमच्या शुक्रवारांचंच ठरून गेलं. सकाळी आईचा फोन झाला की डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायची, अण्णांच्या खटारा टोयोटातून निघायचं, आणि वाळू संपून तपकिरी डोंगर सुरू झाले की काचा खाली करायच्या. पुढे कच्चा रस्ता, मग वाहन सोडून पायी. गाव म्हणजे काय होतं, तर दगडाच्या आठ-दहा भिंती, वर छप्पर नाही. आटलेला पाट, त्याच्या कडेनं खजुराची दोन झाडं. आणि घरांच्या मागे काळ्या कीटाचे ढीग, पाय पडला की खापऱ्या फुटल्यासारखे वाजायचे. हाजीसाहेबांना सरकारनं खाली वस्तीत पक्कं घर दिलं होतं, मुलं अबूधाबीला नोकरीला होती. पण दर शुक्रवारी ते कॅन भरून पाणी आणायचे आणि त्या दोन झाडांना घालायचे. "वहाँ एसी है, टीव्ही है," ते म्हणायचे, "लेकिन मेरे को वहाँ कोई पहचानता नहीं. इधर यह दो पहचानते हैं." मग गावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, ओतायचे, खजूर पुढे करायचे, आणि अण्णा आणि ते दोघंही गप्प बसायचे. दोन गप्प माणसांच्या मध्ये बसून मी दशमी खायची. सांगते तुम्हाला, त्या पाच वर्षांतलं माझं सगळ्यात भरलेलं घर तेच होतं, छप्पर नसलेलं.

एका शुक्रवारी गेलो तर डोंगराच्या पायथ्याच्या खडकांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या. वर बुलडोझरनं एक वाट काढली होती, ती नेमकी जुन्या भट्ट्यांवरून गेली होती. तिथे दगडाची खडी काढायची खाण होणार होती. हाजीसाहेब त्या फुल्यांपाशी उभे होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या एका अधिकाऱ्यानं एक उपाय सुचवलाय. परदेशातून जुन्या गावांचे एक संशोधक आलेत, दोन आठवड्यांनी ते इथे येतील. गाव खरंच हजारो वर्षांपूर्वीचं आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर डोंगराला हात लागणार नाही. पण त्यांना भट्टी दाखवायला हवी. कीटाचे ढीग कुठल्याही काळातले असू शकतात. अण्णा त्या दिवशी दुपारभर गुडघ्यांवर बसून बुलडोझरच्या वाटेची कड उकरत राहिले. शेवटी त्यांच्या हाताला अर्ध्या नारळाएवढा एक गड्डा लागला. वरून सपाट, खालून गोल, जड, हिरवागार, आणि त्याच्या पाठीला भाजलेल्या मातीचा काळा थर चिकटलेला. भट्टीच्या तळाशी वितळून साठलेलं तांबं होतं ते. एकच सापडलं. हाजीसाहेबांनी ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि अण्णांना परत दिलं. "तुम रखो. मेरे हाथ काँपते हैं." मी तेव्हा झाडांना पाणी घालत होते. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी तो गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्याखाली ठेवला आणि मला एवढंच म्हणाले, "हाजीसाहेबांचा आहे, जपायचाय." जपायचा म्हणजे कसा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घराची ही रीतच होती. त्यावर मी नंतर फार चिडले आहे, अण्णांवर आणि स्वतःवर, दोघांवर सारखीच.

पुढचा गुरुवार आला. चिंच भिजवली, ताम्हण घासलं, तांब्या घासला, घंगाळ पालथं घातलं आणि उरलेला चिंचेचा कोळ हातात घेऊन मी ओट्याखाली पाहिलं. कागद सुटला होता आणि त्यातून हिरवं तांबं दिसत होतं. तांबटाच्या घरात हिरवं तांबं. आमच्याकडे एखाद्या बाईच्या देवघरात हिरवी पळी दिसली की आळीभर तिच्या आळसाची चर्चा व्हायची. आणि हे तर परक्याचं, जपायला दिलेलं, परत द्यायचं. माझे हात शिवशिवले. मी कागद काढला आणि घासायला लागले, पण हिरवं हटेना. मग मी आजोबांची हातोडी आणली. हलक्या हातानं, कडेनं, तीन ठोके आणि एक विसावा. वरचं कवच पापुद्र्यांनी सुटायला लागलं. काय बरं वाटलं होतं मला तेव्हा, काय सांगू. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि हात आपोआप चालत होता. पाठीमागचा काळा थर ठिसूळ होता, तो तर पाण्यातच विरघळत गेला. पुन्हा चिंच, पुन्हा मीठ, पुन्हा काथ्या. दिवेलागणीला तो गड्डा असा गुलाबी निघाला की मी तो देवघरात ताम्हणात ठेवला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. उद्या आईला फोनवर सांगायला माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं.

अण्णा आले, बूट काढले, आणि देवघराकडे बघून तसेच उभे राहिले. मी कौतुकाची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "मालू, त्याच्या पाठीला काळं होतं ते कुठे गेलं?"

"घासलं मी. मोरीत गेलं."

ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. ते मोरीत जाऊन खाली बसले, शर्टाच्या बाह्याही दुमडल्या नाहीत, आणि जाळी काढून पाइपात हात घातला. चोथा, चिंचोक्यांचे तुकडे, माझे केस, काळी कणी, जे हाताला येईल ते त्यांनी बाहेर काढून वर्तमानपत्रावर पसरलं. चष्मा पुसून पुसून एकेक कण ते निवडत होते. मी दारात उभी. काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, पण काय ते अजून कळत नव्हतं. निवडता निवडताच, वर न बघता त्यांनी मला सांगितलं. त्या काळ्या थरात भट्टीतला कोळसा होता. धातूचं वय सांगता येत नाही, कोळशाचं येतं. संशोधकांना अण्णांनी फोनवर विचारून घेतलं होतं, ते म्हणाले होते, धुऊ नका, हातसुद्धा लावू नका. "मी तुला सांगायला हवं होतं," अण्णा म्हणाले, आणि निवडलेली काळी कणी त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरली.

त्या आठवड्यात मी आईला फोनवर "लख्ख" म्हटलं आणि ती पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवला.

संशोधक आले तो शुक्रवार. उंच, उन्हानं लाल झालेले गृहस्थ, सभ्य. त्यांनी गड्डा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा उलटा केला. मग डबी उघडून कण पांढऱ्या कागदावर ओतले आणि पिनेनं बाजूला केले. अण्णांनी ते काय म्हणाले हे हाजीसाहेबांना हिंदीत सांगितलं. कोळसा असेलही यात एखादा कण, पण मीठ, आंबट आणि मोरीचं पाणी त्याला लागलंय, त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. गड्डा सुंदर आहे, पण आता तो कालही ओतलेला असू शकतो. एवढं बोलून त्यांनी कण पुन्हा डबीत भरले, अण्णांना परत दिले आणि ते भिंतींचे फोटो काढायला गेले.

मी हाजीसाहेबांसमोर उभी राहिले. माफी कुठल्या भाषेत मागायची हेच सुचत नव्हतं. शेवटी हिंदीत म्हटलं, "मैंने किया. अण्णाने नहीं." त्यांनी गड्डा उन्हात धरला. बराच वेळ फिरवून फिरवून बघत होते. "किसने सिखाया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मम्मीने." "मम्मी किधर है?" "इंडिया." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मेरा बाप, उसका बाप, सबने यह हरा देखा, काला देखा. यह रंग हमारे में किसी ने नहीं देखा. मैंने देखा." आणि तो गड्डा माझ्या हातात ठेवून त्यांनी माझी बोटं त्यावर मिटवली. "तुम रखो. ऐसा ही रखना." त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्यासाठी भरले होते की त्या डोंगरासाठी, हे मला कळलं नाही. मी धरून चालले की डोंगरासाठी, आणि आजही तसंच धरून चालते.

पावसाळी ढग येण्याआधी खाण सुरू झाली. आम्ही त्यानंतर दोनदा गेलो, दुसऱ्यांदा गेटवरच्या पठाण वॉचमननं अदबीनं परत पाठवलं. हाजीसाहेबांच्या खालच्या घरी गेलो तर त्यांनी गावा दिला, पण मध्ये टीव्ही चालू होता आणि कुणी कुणाशी गप्प बसू शकलं नाही. खूप वर्षांनी, लग्न होऊन मी इथेच स्थिरावले तेव्हा, एका माहीतगार माणसानं मला सांगितलं की खाणीचे कागद तेव्हा आधीच सह्या होऊन पडले असणार, तुझ्या त्या कोळशानं काहीही थांबलं नसतं. त्याला वाटलं मला हलकं वाटेल. मला त्याचा रागच आला. माझी चूक तेवढी तरी माझी राहू द्या.

अण्णांनी त्या प्रसंगाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. आणि मी सत्तेचाळीस वर्षं तो गड्डा घासत आले. हाजीसाहेबांनी 'ऐसा ही रखना' म्हटलं होतं ना. करामाचं घर सुटलं, अजमानला माझं टिफिनचं स्वयंपाकघर सुरू झालं, नवरा गेला, आता अल नहदाच्या चौदाव्या मजल्यावर मी एकटी असते. सुट्टी शुक्रवारची शनिवार-रविवारवर गेली, पण माझा वार गुरुवारच राहिला. मुलगा येतो तेव्हा म्हणतो, "ममा, जस्ट बाय अ क्लीनर. वाय डू यू डू धिस टू युअर हँड्स?" मी म्हणते, "यल्ला, जेव आधी." त्याला हे सगळं सांगायला मला कधी जमलं नाही. आमच्या घराची रीत मी बरोबर पुढे चालवली आहे.

गेल्या वर्षी अण्णा पुण्यात वारले. शेवटची वर्षं ते बाळूकडेच होते. बाळूनं त्यांच्या पेटीतल्या वस्तू माझ्याकडे पाठवल्या. हातोडी, पासपोर्टांचा गठ्ठा, यार्डाचं जुनं ओळखपत्र, आणि रोलची ती काळी डबी. झाकणावर पट्टी चिकटवलेली, पट्टीवर अण्णांच्या बारीक अक्षरात फक्त 'मालू' असं लिहिलेलं. मी उघडली. आता मीही आयुष्य स्वयंपाकघरात काढलंय, चिंचोका मला अंधारात ओळखता येतो. त्यात कोळशाचा कण मला एकही दिसला नाही. सगळी चिंचोक्यांची टरफलं होती, मिठानं पांढुरकी झालेली. ज्या माणसाला नखाच्या ठोक्यावरून तांब्यातलं शिसं कळायचं, त्याला हे मोरीपाशी बसल्या बसल्याच कळलेलं असणार. तरी ती डबी त्यांनी संशोधकांसमोर माझ्यासाठी पुढे केली, आणि तिथून परत आणून इतकी वर्षं जपली. अण्णा, एकदा बोलला असतात तर.

या गुरुवारी सकाळी चिंच भिजत घातली आणि गाडी काढून डोंगराकडे निघाले. खाण बंद होऊन बरीच वर्षं झालीत. गेटचा एक खांब उभा आहे, वॉचमन नाही. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापून सपाट झालाय, गाव कुठे होतं ते मला दाखवता येणार नाही. पाटाचा एक हातभर तुकडा मात्र कडेला तसाच आहे. मी त्याच्याशेजारी बसून दशमी खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. बाटलीतलं अर्धं पाणी सवयीनं जमिनीवर ओतलं, आणि सोबत नेलेली अण्णांची डबी रिकामी न करता पर्समध्ये तशीच ठेवून परत आले.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. चिंच फुगून बसली होती. मी देवघरातून ताम्हण, पळी, तांब्या काढले, घासले. मग गड्डा हातात घेतला. कडेला, बोट पोहोचत नाही अशा एका खाचेत, हिरवं यायला लागलं होतं, मोहरीएवढं. मी काथ्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. गड्डा कोरड्या फडक्यानं पुसला, देवघरात ठेवून दिला, आणि पर्समधली अण्णांची डबी त्याच्या शेजारी. उरलेल्या चिंचेची एकटीपुरती आमटी केली, गूळ जरा जास्त घालून.